गावाचं जंगल, गावाचा माळ: व्यवस्थापनाची पद्धत बसवायची कशी?

सामूहिक वनहक्काचं प्रमाणपत्र मिळालं. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा कागद फ्रेम करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, गुलाल उधळला, जेवणावळ उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न उभा राहतो: आता करायचं काय? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, ‘आराखडा’. मग कुणीतरी संस्था येते, दोन महिन्यांत दीडशे पानांचा बांधीव ग्रंथ देते आणि तो कपाटात जाऊन बसतो. असाच एक ग्रंथ मी चाळत होतो. ज्या नाल्यावर बंधारा सुचवला होता तो नाला त्या गावाच्या शिवारातच नव्हता. शेजारच्या गावाच्या आराखड्यातलं पान जसंच्या तसं इकडे आलं होतं. तीन वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तीन वर्षांत तो कुणी उघडलाच नव्हता.

म्हणून इथे आराखड्यापेक्षा वह्यांबद्दल, म्हणजे गावाने स्वतः ठेवायच्या नोंदींबद्दल, जास्त लिहितो आहे. कारखान्यांमध्ये आयएसओ १४००१ नावाची पर्यावरण व्यवस्थापनाची पद्धत १९९६ पासून चालते. तिच्या भाषेचा बोजा काढून टाकला तर उरतं एवढंच: ठरवा, करा, तपासा, चुकलं तिथे बदला आणि पुन्हा ठरवा. ग्रामसभेला त्या प्रमाणपत्राशी काही देणंघेणं नाही. हा फेरा मात्र उचलण्यासारखा आहे, कारण जंगल आणि माळ दोन्हीही वर्षाच्या फेऱ्यावरच चालतात.

अमेरिकेत हाच प्रयोग सरकारी पातळीवर झाला, त्याची गंमत सांगतो. तिथल्या वनखात्याने २००५ च्या नियोजन नियमात प्रत्येक राष्ट्रीय वनाला आणि गवताळ प्रदेशाला अशी पद्धत बसवायला सांगितलं. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने तो नियमच थांबवला. लोकांना म्हणणं मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती आणि नियमाचे पर्यावरणावर काय परिणाम होतील याचा कायद्याने सांगितलेला अभ्यासही केला नव्हता! पर्यावरणासाठी केलेला नियम पर्यावरणाच्याच कायद्यात अडकला. आपल्याकडे निदान सुरुवात ग्रामसभेपासून आहे. ती तशीच ठेवायची.

आधी कागद: कोणती जमीन, कोणता हक्क

‘गावाचं जंगल’ म्हणताना आपण तीन-चार वेगळ्या जमिनी एका पिशवीत घालतो. त्या आधी वेगळ्या करा.

पहिली, वनहक्क कायद्याखाली मान्य झालेलं सामूहिक वनक्षेत्र. २००६ च्या कायद्याचं कलम ३(१)(झ), इंग्रजी प्रतीतलं ३(१)(आय), ग्रामसभेला या क्षेत्राचं रक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क देतं. यासाठीचा दावा ‘नमुना ग’मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या ‘फॉर्म सी’मध्ये, करायचा असतो. ‘नमुना ख’, म्हणजे ‘फॉर्म बी’, हा चराई, गौण वनोपज, पाणी अशा सामूहिक हक्कांचा. पुष्कळ गावांकडे दुसरा आहे आणि त्यांना वाटतं पहिला आहे. प्रमाणपत्र काढून वाचा. त्यावर कायद्यात नसलेल्या अटी टाकल्या असतील तर ग्रामसभेच्या ठरावाने त्या काढून मागा. हे काम पहिल्याच महिन्यात उरका, कारण पुढे बांबू-तेंदूच्या वाहतुकीच्या वेळी नेमकी तीच ओळ आडवी येते.

दुसरी, गायरान. ते महसूल खात्याच्या दप्तरात असतं, जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली राखून ठेवलेलं. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला जगपालसिंग खटल्यात सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं आणि त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्र शासनाचा निर्णय निघाला. गायरानाला ‘ओसाड’ म्हणणारा प्रत्येक प्रस्ताव आला की हे दोन कागद हाताशी असावेत.

तिसरी, पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल. महसुली दप्तरात एक, वनखात्याच्या दप्तरात दुसरं, असा घोळ कित्येक दशकं चालला. मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच असल्याचं सांगितलं. तुमच्या गावात असा तुकडा असेल तर तलाठ्याकडून गट क्रमांक आणि क्षेत्र लेखी घ्या. विदर्भातल्या गावांनी निस्तारपत्रकही काढावं. कोणत्या जमिनीवर चराई, कुठून जळण, कुठून माती, हे त्यात जुन्या काळापासून नोंदलेलं असतं.

या सगळ्यांची एक पानी यादी करा: गट क्रमांक किंवा वनखात्याचा कक्ष क्रमांक, क्षेत्र, कुणाच्या दप्तरात, आपला हक्क काय. वही क्रमांक एकचं पहिलं पान हेच.

समिती: नाव एक, काम दुसरं

सगळ्यात नेहमीचा गोंधळ इथे होतो. वनहक्क समिती दावे तपासते. जंगल सांभाळायची समिती वेगळी. वनहक्क कायद्याच्या नियमांतल्या ४(१)(ङ) म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या ४(१)(ई) खाली ग्रामसभा ती नेमते. वनखात्याची संयुक्त वनव्यवस्थापन समिती ही तिसरीच. तिन्हींत तीच सहा माणसं असतात, तिन्हींचा शिक्का एकाच खिशात असतो, आणि मग कोणता ठराव कुणी केला हे कुणालाच सांगता येत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर नियम स्पष्ट आहे. संवर्धन आणि व्यवस्थापनाचा आराखडा या समितीने करायचा. पण वाहतूक परवाने, विक्रीच्या उत्पन्नाचा वापर आणि आराखड्यातला बदल, या तिन्हींवर शेवटचा शब्द ग्रामसभेचा. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया.

समितीत कुणाला घ्यायचं? माझा अनुभव असा की मोटारसायकलवाली पोरं तालुक्याला जायला उपयोगी, पण जंगल त्यांना माहीत नसतं. सरपणाला जाणाऱ्या दोन बाया, गुरं राखणारा एक, मेंढ्या असतील तर एक मेंढपाळ, मोह-तेंदू वेचणाऱ्यांपैकी दोघं आणि लिहिता येणारी एक मुलगी, एवढे आधी घ्या. मग उरलेल्या जागा कुणालाही द्या. गावात वैदू असेल तर त्याला सदस्य नाही केलं तरी चालेल, पण शिवारफेरीला सोडू नका.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाचं नाव या विषयात टाळता येत नाही. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा हक्क त्यांना २००९ मध्ये मिळाला. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. तिच्यामागे वर्षानुवर्षं चाललेला अभ्यासगट होता, हे कमी लोक सांगतात. निर्णय घ्यायच्या सभेआधी नुसतं समजून घ्यायला बसायचं, आणि निर्णय बहुमताने नव्हे, सगळ्यांच्या संमतीने करायचा. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी हे धरून ठेवलं. तुमच्या गावात सर्वसहमती जमेल न जमेल, महिन्यातून एक संध्याकाळ अभ्यासाला बसणं नक्की जमेल.

शिवारफेरी: दोनदा

एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गवत पिकलेलं असताना. तेव्हाच गवत ओळखता येतं. दुसऱ्यांदा एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पाणी कुठे उरलंय, आग कुठे लागते आणि माती कुठे उघडी आहे ते दिसतं. एका फेरीवर काढलेला नकाशा अर्धा खोटा असतो.

नकाशात कक्ष क्रमांक लिहा, पण त्याआधी गावातली नावं लिहा. वाघखोरा, आंबेटेकाडी, म्हसोबाचा माळ, बाईची बावडी. गावात कुणालाही ‘कक्ष ४३१’ म्हटलं तर कळत नाही, आणि ज्या नियमात जागा कळत नाही तो पाळला जात नाही. मोबाइलवर कोपऱ्यांचे बिंदू घ्या, पण शेजारच्या गावाला सीमेवर बोलावून घ्या. सीमेचा वाद आधी चहावर मिटवलेला बरा.

मग क्षेत्राचे तुकडे पाडा. पाच ते आठ पुरे. देवराई आणि झऱ्याच्या वरची बाजू हा एक. दाट जंगल, विरळ जंगल, खोल मातीचा माळ, मुरमाड उघडा माळ, पूर्वीची रोपवण, अशी साधी विभागणी करा. प्रत्येक तुकड्याचा एक उद्देश एका वाक्यात लिहा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने जंगलाचा एक भाग कुणीच काही तोडायचं नाही म्हणून पूर्ण राखला, आणि तेंदूपानांची तोडच बंद केली. पानांसाठी झुडपं छाटतात, आगी लावतात, आणि पिकलं तेंदूफळ खायला मिळत नाही, असा त्यांचा हिशोब. पैशाचं पीक सोडायला धैर्य लागतं. सगळ्यांनी तसंच करावं असं नाही, पण ‘हा तुकडा कशासाठी’ या प्रश्नाला उत्तर असलं की असा निर्णय सुचतो तरी.

मोजणी: दोर, चौकट आणि वजनकाटा

इथे थोडा वेळ घालवतो, कारण हीच पायरी गावं तज्ज्ञांवर सोडून देतात आणि तज्ज्ञ एकदा येऊन जातात. मोजणी दरवर्षी व्हायला हवी, म्हणून ती गावाला झेपेल अशी हवी.

झाडांसाठी गोल प्लॉट सोपा. खुंटी ठोका, १२.६ मीटरचा दोर फिरवा, आत साधारण ५०० चौरस मीटर येतात, म्हणजे हेक्टरचा विसावा भाग. आतल्या प्रत्येक झाडाची जात आणि घेर, जमिनीपासून १.३७ मीटरवर, साध्या शिंप्याच्या फितीने. गुडघ्याएवढी रोपं वेगळी मोजा. मोठी झाडं भरपूर आणि रोपं नाहीत, असं दिसलं तर ते जंगल म्हातारं होतंय. एका तुकड्यात असे पाच प्लॉट, खुंटीच्या जागी दगडावर रंग.

माळासाठी दोन गोष्टी. पहिली दोराची. ५० मीटरचा दोर घ्या, दर अर्ध्या मीटरवर चिंधी बांधा, शंभर खुणा होतात. दोर ताणून जमिनीवर टाका आणि प्रत्येक चिंधीखाली काय आहे ते सांगत जा: बहुवार्षिक गवत, एकवर्षी गवत, तण, पालापाचोळा, दगड, उघडी माती. शंभरपैकी जितकं तितके टक्के. पाचवीतली पोरंसुद्धा हे करतात आणि मजेने करतात. बहुवार्षिक की एकवर्षी, हे हाताला कळतं. जुना ठोंब असतो, उपटायला गेलं तर हात सोलतो, तो बहुवार्षिक. मुळासकट सहज हातात येतं ते एकवर्षी.

गवताची जात काय बोलते तेही ऐका. मारवेल, पवन्या, डोंगरी भरपूर असेल तर माळ खुशीत आहे. ही मागे पडून कुसळी पसरली की चराई जास्त झाली म्हणून समजा. कुसळं मेंढीच्या लोकरीत आणि गुरांच्या तोंडात रुततात, त्यामुळे जनावर ती पिकल्यावर टाळतं आणि ती आणखी वाढते. त्याहून पुढे गेलं की तरोटा, गाजरगवत, रानतुळस. मग माळाला विश्रांती द्यावीच लागते.

दुसरी गोष्ट वजनाची. बांबूच्या कामट्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट करा. तुकड्यात दहा ठिकाणी, डोळे मिटून टाकल्यासारखी, टाका. आतलं गवत जमिनीपासून चार बोटं वर कापा, उन्हात वाळवा, तोला. ग्रॅममधला आकडा दहाने गुणला की हेक्टरी किलो.

उदाहरण घेऊ. सरासरी १५० ग्रॅम आलं, म्हणजे हेक्टरी १,५०० किलो. माळ ६० हेक्टर असेल तर ९० टन. यातलं निम्मंच आपलं. निम्मं मातीचं, बियाण्याचं आणि हरणं-सशांचं. उरलं ४५ टन. अडीचशे किलोच्या देशी गाईला दिवसाला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे सहा-एक किलो कोरडा चारा लागतो. चार महिन्यांना ७२० किलो. ४५,००० ला ७२० ने भागा: ६२ गाई. गावात गाई दीडशे असतील तर पुढचं भांडण कशावर आहे ते आता सगळ्यांना आकड्यात दिसतं. ‘चराई जास्त होते’ असं म्हटलं की गुराखी चिडतो. ६२ आणि १५० लिहून दाखवलं की तोच म्हणतो, मग कडब्याचं बघू या.

शेवटी फोटो. प्रत्येक तुकड्यात एक दगड ठरवा. त्याच दगडावरून, त्याच दिशेला, दिवाळीच्या पाडव्याला एक आणि अक्षय्य तृतीयेला एक. पाच वर्षांनी हे दहा फोटो शंभर पानांच्या अहवालाला भारी पडतात.

आपण काय करतो, त्याने काय होतं

आता सगळ्या कामांची यादी: मोह, तेंदू, चारोळी, डिंक, सरपण, चराई, गवत कापणी, बांबू, वाळू-मुरूम, जत्रा, दारूची भट्टी, होय तीसुद्धा. प्रत्येकापुढे तीन प्रश्न. किती लोक आणि कितीदा करतात? जंगलाला किती इजा होते? झालेली इजा आपोआप भरून येते का? बोटावर गुण द्या, एक ते तीन. ज्यांची बेरीज सर्वांत मोठी त्यातले तीन विषय घ्या. फक्त तीन. मी बारा-बारा उद्दिष्टांचे आराखडे पाहिलेत, त्यातलं एकही पूर्ण होत नाही.

बहुतेक गावांत पहिल्या तिनात आग, चराई आणि एखादं वनोपज येतंच. ते तिन्ही थोडं उलगडून बघू.

आग

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून मानतात. आग कुणी लावली हे शोधण्यात गावाची शक्ती जाते. कशासाठी लावली हे विचारा. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, खाली पालापाचोळा असतो, त्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली काडी टाकतात. संध्याकाळी घरी जाताना ती विझलेली नसते. उपाय फौजदारी नाही, उपाय जुनी लुगडी, शेडनेट किंवा जाळी. झाडाखाली अंथरली की फुलं स्वच्छ मिळतात आणि भावही बरा येतो. हंगामाआधी मोहाखालचा पाला खराट्याने ओढून घ्यायचा, एवढंही पुरतं. तेंदूच्या ठेकेदाराशी करार करताना ‘आग लागलेल्या तुकड्यातली पानं घेणार नाही’ अशी अट घाला आणि ती पाळा. नवी कोवळी पानं यावीत म्हणून लावलेली आग मग फायद्याची राहत नाही.

जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याआधी पूर्ण हव्यात, बैलगाडी जाईल एवढ्या रुंद, गावाच्या वाटा आणि नाले जोडत काढलेल्या, म्हणजे काम निम्म्यावर येतं. वनक्षेत्रात त्या वनरक्षकाला सांगून, पहाटे वारा नसताना जाळा. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीच्या सूचना मोबाइलवर फुकट पाठवतं. दोघा-तिघांचे नंबर तिथे नोंदवून ठेवा. लहान आग उपग्रहाला दिसत नाही आणि सूचना येईपर्यंत वेळ गेलेला असतो, म्हणून टेकडीवरचा राखणदार त्याहून महत्त्वाचा. त्याला हंगामाचा मेहनताना ठरवून द्या. फुकटची राखण पहिल्या आठवड्यात संपते.

माळ: बंदी नको, पाळी हवी

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, गवत कापून न्यायची मुभा ठेवली आणि चारा वाढला, हे खरं आहे. पण ते सूत्र उचलून सगळीकडे चिकटवू नका. जिथे मेंढ्यांवर पोट आहे तिथे सरसकट बंदी म्हणजे एका आळीला शिक्षा. शिवाय वर्षानुवर्षं पूर्ण बंद ठेवलेला माळही बिघडतो: जुनं वाळकं गवत साचतं, झुडपं घुसतात, आणि एक दिवस सगळं एकदम पेटतं.

कुरण राखायची आपली जुनी रीत चांगली आहे. माळाचे तीन भाग करा. दरवर्षी एक भाग पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत पूर्ण बंद. गवत फुलून बी पडू दे, मग विळ्याने कापणी आणि त्यानंतर जनावरं. दुसऱ्या भागात मुळं धरल्यावर, साधारण ऑगस्टपासून, हलकी चराई. तिसरा खुला. पुढल्या वर्षी पाळी फिरवा. बंद भागाला कुंपण नको, एक राखणदार आणि चार झेंडे पुरतात. कुसळीचा तुकडा असेल तर तो कुसळं धरायच्या आतच कापून घ्या, चारा म्हणून चालतो.

वाड्यांना विसरू नका. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे फिरते तांडे, मेंढ्या घेऊन ठरलेल्या वाटांनी निघतात. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ), इंग्रजीतल्या ३(१)(डी), मध्ये भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचाही उल्लेख आहे. त्यांना न विचारता नियम केला तर पहिल्याच नोव्हेंबरात काठ्या निघतील. त्यांना आधीच्या अभ्यासगटाला बोलावलं, वाट आणि मुक्कामाचे दिवस ठरवले, शेतात मेंढ्या बसवायचा मोबदला ठरवला, तर तेच बंद तुकड्याची राखण करतात. हे मी झालेलं पाहिलंय.

आणि झाडं. माळावर झाडं लावू नका. याच्यावर माझं नेहमी भांडण होतं, कारण जून-जुलैत कुठल्या ना कुठल्या मोहिमेचं लक्ष्य घेऊन कुणीतरी येतंच आणि मोकळा माळ दिसला की त्याचे हात शिवशिवतात. मुरमाड माळावर वीतभर माती असते. तिथे खड्डे आणि सलग चर खणले की शंभर वर्षांचे ठोंब उपटले जातात आणि त्या उघड्या मातीवर आधी गाजरगवत येतं. गिरिपुष्प, सुबाभूळ, वेडी बाभूळ लावली तर परत निघत नाहीत. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल यांना मोकळा माळच लागतो. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक आठवा. १९७९ मध्ये अभयारण्य झालं, पण भोवती ऊस आणि तारा आल्या, गवताच्या तुकड्यांत झाडं वाढली, आणि आता तिथे माळढोक दिसणं जवळपास थांबलं आहे. पाणी जिरवायचंच असेल तर माळाच्या खालच्या अंगाला, ओघळीत दगडी बांध घाला. हेच माळ सांभाळायचं काम अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजाने तणमोर या गवताळ माळावरच्या पक्ष्यासाठी केलं आहे. ज्यांच्यावर शिकारी म्हणून शिक्का मारला, त्यांनाच कुठलं पाखरू कुठल्या गवतात अंडी घालतं ते माहीत होतं.

बांबू आणि बाकीचं

बांबूचे नियम जुनेच आहेत, पाळायचे तेवढे राहतात. पावसाळ्यात तोड नाही. या वर्षीचा आणि गेल्या वर्षीचा कोंब तोडायचा नाही. जमिनीपासून हातभर वर, पेराच्या लगत वरून, तिरका कापायचा. बेटाच्या मधले जुने काढायचे, कडेचे ठेवायचे. बेटात किमान आठ-दहा उभे राहिलेच पाहिजेत. क्षेत्राचे तीन किंवा चार भाग करून दर वर्षी एकातच तोड. किती तोडले, कुणी, किती मजुरी, कुठल्या परवान्यावर गेले, हे त्याच दिवशी लिहायचं.

चारोळीसाठी फांद्या तोडणाऱ्याला घरची चारोळी कशी वाढते ते विचारा. डिंकाच्या झाडाला एका हंगामात किती घाव, हे जुन्या जाणत्यांकडून ठरवून घ्या. सीताफळ असेल तर पायविहीरचं उदाहरण बघा. मेळघाटाच्या पायथ्याच्या त्या गावाने उघडं पडलेलं जंगल राखलं, सीताफळाची विक्री ग्रामसभेने हातात घेतली, आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळवला.

पाच वह्या

एक: कागद आणि ठराव. दोन: गस्त, म्हणजे कोण, कधी, कुठे गेलं, काय दिसलं. तीन: मोजणी. चार: रोख. पाच: वाहतूक परवाने. संगणक आहे तर छान, पण वही आधी. प्रत्येक वहीचा एकच मालक ठरवा, नाव पुठ्ठ्यावर लिहा.

ठराव लिहिताना ‘प्रयत्न करावेत’ हे शब्द वापरू नका. ‘जर-तर’ लिहा. जर आंबेटेकाडीच्या दोरावर बहुवार्षिक गवत चाळीसच्या खाली गेलं, तर तो तुकडा पुढच्या पावसाळ्यात बंद. जर एका हंगामात तीनहून जास्त आगी लागल्या, तर पुढल्या वर्षी राखणदार दोन. जर बाईची बावडी एप्रिलमध्ये आटली, तर वरच्या बाजूला बांबूची तोड दोन वर्षं बंद. आकडे तुमच्या पहिल्या मोजणीवरून ठरवा. आधीच ठरलेलं असलं की ऐन वेळी ‘अमक्याच्या गुरांमुळे’ असा वाद होत नाही.

बांबू-तेंदूच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा जंगलाच्या खात्यावर वळवा, वाटप व्हायच्या आधी. बंधारे, जाळरेषा, घाणेरी काढणं यांसाठी रोजगार हमीतून मागणी टाका. मागणीचा कागद मिळाल्याची पोच घेतल्याशिवाय पंचायत समितीतून बाहेर पडू नका. घाणेरी नुसती कापली तर दुप्पट फुटते. मुळाचा कंद जमिनीच्या थोडा खाली कुदळीने तोडून झुडूप उलटं टाकायचं, आणि मोकळ्या जागेत त्याच जूनमध्ये मारवेल-पवन्याचं बी. मोकळी सोडली की पुन्हा तीच.

वर्षाची तपासणी

दिवाळीनंतरच्या एका रविवारी शेजारच्या गावाच्या समितीला जेवायला बोलावा आणि वह्या त्यांच्या हातात द्या. वही क्रमांक दोन उघडून त्यांनी कुठलीही तीन पानं निवडायची, आणि त्या जागी सगळ्यांनी चालत जायचं. लिहिलेलं तिथे दिसतं का, एवढंच बघायचं. पुढच्या महिन्यात तुम्ही त्यांच्याकडे. साहेबांच्या तपासणीला लोक सजावट करतात, शेजाऱ्यापुढे करता येत नाही, त्याला सगळं माहीत असतं.

जे चुकलं ते लिहा, कुणाचं चुकलं ते नको. ‘म्हसोबाच्या माळाला मार्चमध्ये आग. जाळरेषा पूर्ण नव्हती. मजुरी वेळेत न मिळाल्याने माणसं आली नाहीत. यंदा मजुरी जानेवारीत काढून ठेवणे.’ चार ओळी. मग ग्रामसभेत हे वाचून दाखवा, आराखड्यात जो बदल हवा तो ठरावाने करा, आणि बदललेलं पान तेवढं नवीन लावा. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने सामूहिक वनक्षेत्राच्या व्यवस्थापनाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. आराखड्याचा साचा लागलाच तर तिथून घ्या, पण पानं तुमच्या वह्यांतून भरा.

पहिल्या वर्षीचा सगळा खर्च म्हणजे दोन दोर, एक चौकट, शिंप्याची फीत, किराणा दुकानातला जुना वजनकाटा, रंगाचा डबा, पाच वह्या आणि शिवारफेरीच्या दोन दिवसांचं जेवण. यंदाची दिवाळी हुकली असेल तर अक्षय्य तृतीयेच्या फोटोपासून सुरू करा, दोर पुढच्या दिवाळीच्या पाडव्याला टाका.